सर्वांनी पाहिलेला मसुदा

आमच्या संस्थेतून गावात जाणारा कोणताही संदेश एकट्याने लिहून पाठवायचा नाही, हा नियम मीच केला होता. नियमाला कारण होतं आणि तेव्हा ते सगळ्यांना पटलंही होतं. पुढे जे घोटाळे झाले त्यांतले बहुतेक मात्र या नियमामुळेच झाले. त्यांची ही हकीकत. संस्थेचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत, माझ्या चुका गाळलेल्या नाहीत.

आमचं काम शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत चालतं. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले, त्यांतले हे दोन सह्याद्रीच्या पायथ्याचे. शहापूरकरांना आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी लोकल मिळते. मुरबाडला रेल्वे नाही, तिथे कल्याणहून येणाऱ्या एसटीवर भिस्त. गावाला पाच-सहा पाडे, पाड्यावर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली वस्ती आणि रेंज कुठे असेल-नसेल त्याचा भरवसा नाही. डोळ्यांची शिबिरं, गरोदर बायकांच्या तपासण्या, उन्हाळ्यात टँकरचा पाठपुरावा, हे आमचे मुख्य उद्योग. कार्यकर्ते विखुरलेले: एक जण खर्डीकडे, एक डोळखांबला, एक ताई टोकावड्याला, मी किन्हवलीजवळ, आणि वरिष्ठ ठाण्याच्या कार्यालयात. सगळे एका खोलीत बसलोय असं क्वचितच घडतं. त्यामुळे आमचं कार्यालय म्हणजे फोनमधलं एक चॅट ॲप आणि त्याला जोडलेले सामाईक कागद, ज्यांवर एकाच वेळी सगळ्यांना लिहिता येतं.

नियम आला तो एका साध्या चुकीतून. एका कार्यकर्त्याने टँकरच्या संदेशात पाड्याचं नाव लिहिलं, गावाचं लिहिलं नाही. त्याच नावाचा पाडा दुसऱ्या गावातही होता. तिथल्या बायका हंडे घेऊन विहिरीवर बसून राहिल्या. तानसाचं धरण १८९२ पासून शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी पाठवतंय, आणि इथे एप्रिल-मेमध्ये टँकरच्या पाण्यासाठी विहिरीवर नंबर लागतो. अशा ठिकाणी पाण्याबद्दलची चुकीची ओळ कुणी हसून सोडून देत नाही. मी ठरवलं, यापुढे प्रत्येक मजकूर सामाईक कागदावर टाकायचा, सगळ्यांनी पाहायचा, सूचना करायच्या, शेवटी प्रत्येकाने अंगठा द्यायचा आणि मगच तो गटांवर जाणार.

सुरुवातीला मला त्याचं फार कौतुक वाटायचं. एकाच परिच्छेदात चार रंगांचे कर्सर लुकलुकतायत, खर्डीवाला गावाचं नाव दुरुस्त करतोय, टोकावड्याची ताई वेळ बदलतेय, ठाण्याचे सर शुद्धलेखन पाहतायत. संघभावना म्हणतात ती हीच, अशी माझी समजूत झाली. देणगीदारांपुढच्या सादरीकरणात मी त्या पानाचं चित्रसुद्धा लावलं होतं.

मोतीबिंदूच्या शिबिराने ती समजूत उतरवली.

डोळखांबच्या आमच्या सहकाऱ्याने पहिला मजकूर टाकला होता. सगळ्यांत तरुण मुलगा, त्याच भागातला. त्याने लिहिलं होतं: ‘गुरुवारी सकाळी ९ वाजता शाळेत डोळ्यांचं शिबिर आहे. ज्यांना दिसायला कमी येतं त्यांनी या. मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशनला गाडीने नेऊ, पैसे लागणार नाहीत. आधार कार्ड आणि चालू असलेली औषधं आणा. सोबत घरचं एक माणूस असू द्या.’

आजही मला या मजकुरात बदलण्यासारखं काही दिसत नाही. तेव्हा मात्र आम्हा सगळ्यांना दिसलं. डॉक्टरांचा दिवस अजून पक्का नाही, म्हणून कुणीतरी ‘गुरुवारी’ काढून जागा रिकामी ठेवली. ‘पैसे लागणार नाहीत’ हे वाक्य हिशेब पाहणाऱ्यांना अडचणीचं वाटलं. तपासणीत दुसरा आजार निघाला तर? तिथे ‘पात्र रुग्णांवर नियमानुसार मोफत शस्त्रक्रिया’ आलं. ठाण्याहून सूचना आली की सहकार्य करणाऱ्या रुग्णालयाचं आणि देणगीदारांचं नाव वर हवं. मी ‘सर्व संबंधितांनी लाभ घ्यावा’ जोडलं. का जोडलं, ते सांगता येत नाही. सगळे काहीतरी जोडत होते, प्रमुख असून आपण नुसतं पाहत बसलोय हे बरं दिसलं नसतं, एवढंच खरं कारण असावं.

बुधवारी दुपारी डॉक्टरांचा होकार आला. त्या तरुण मुलाने रिकाम्या जागेत ‘उद्या’ लिहिलं. ते बरोबरच होतं. पण तेवढ्यावर मजकूर सुटला नाही. देणगीदारांच्या नावांचा क्रम, ‘नेत्र तपासणी’ की ‘डोळ्यांची तपासणी’, शाळेचं पूर्ण नाव, अशा सूचना संध्याकाळभर येत राहिल्या. शेवटचा अंगठा आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी मजकूर उचलला आणि सगळ्या गटांवर टाकून झोपले.

डोळखांबच्या वरच्या पाड्यांवर घरात रेंज मिळत नाही. सकाळी पोरं रस्त्यावर आली, टेकाडावर गेली, की रात्रीचे सगळे संदेश एकदम खणखणतात. गुरुवारी सकाळी त्यांच्या फोनवर आमचा संदेश उतरला: ‘उद्या सकाळी ९ वाजता...’

गुरुवारी शाळेत डॉक्टर होते, यंत्रं होती, आम्ही होतो, आणि शाळेच्या आसपास राहणारे मोजके लोक होते. डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शुक्रवारी सकाळी मला शाळेतून फोन आला, ‘मॅडम, माणसं आलीत.’ मी पोचले तेव्हा ओटीवर म्हातारी माणसं बसली होती. कुणाला नातवाने हात धरून आणलं होतं, कुणी जीपचं भाडं देऊन आलं होतं. सोबत आलेल्यांचा त्या दिवसाचा रोज बुडाला होता. एका आजीने डोळ्यांवर पदर घेतला होता, उजेड सहन होत नाही म्हणाल्या. मी सगळ्यांना सांगितलं की शिबिर काल होऊन गेलं. कुणी भांडलं नाही. एका आजोबांनी मुलाचा फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, ‘ताई, मग ह्यात उद्या कसं?’

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळायला हव्या होत्या. पहिली, संदेश लिहिण्याची, पाठवण्याची आणि वाचण्याची वेळ एकच असते असं मी गृहीत धरलं होतं. मसुदा जितक्या हातांतून जातो तितका या तिन्ही वेळांतला फरक वाढतो, आणि ‘उद्या’, ‘आज संध्याकाळी’, ‘परवा’ असे शब्द वाटेतच नासतात. दुसरी गोष्ट जास्त कडू होती. आम्ही सगळे इतकी दुरुस्ती करत होतो ती एकमेकांसाठी. हिशेबाच्या माणसाला उत्तर म्हणून एक वाक्य, ठाण्याच्या सरांचं समाधान म्हणून दुसरं, मी जागी आहे हे दिसावं म्हणून तिसरं. ओटीवरच्या त्या आजींसाठी लिहिलेलं वाक्य मूळ मसुद्यात होतं आणि आम्ही ते खोडलं होतं.

पण त्या शुक्रवारी मी यातलं काहीच पाहिलं नाही. मी कागदाचा इतिहास उघडला. सामाईक कागदाची ही सोय मोठी आहे: कुणी, कधी, कोणता शब्द घातला, सगळं वेळेसकट दिसतं. पुढच्या बैठकीत मी ते पान पडद्यावर लावलं आणि ‘उद्या’ या शब्दापुढे त्या मुलाचं नाव आहे हे सर्वांना दाखवलं. त्याच पानावर, खाली, मजकूर रात्री साडेअकराला माझ्या हातून गेल्याचं दिसत होतं. तिथपर्यंत मी पान सरकवलं नाही. त्याने तो शब्द लिहिला तेव्हा तो खरा होता. मी पाठवला तेव्हा अर्ध्या तासात खोटा होणार होता आणि हे फक्त मलाच ठाऊक असू शकत होतं, कारण बटण माझ्या बोटाखाली होतं. तो मुलगा काही बोलला नाही. बाकीचेही बोलले नाहीत.

याचा परिणाम पावसाळ्यात दिसला. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीसाठी आमची गाडी पाड्यांवर जाणार होती. कोणत्या रस्त्याने, कुठे किती वाजता थांबणार, असा मसुदा कागदावर आला. सगळ्यांचे अंगठे आले, त्याचाही आला. सकाळी गाडी निघाली आणि वाटेतल्या फरशीवरून गुडघाभर पाणी वाहत होतं. पलीकडे डोळ्यांना काळे चष्मे लावलेली माणसं पावसात उभी. फरशी आदल्या दिवसापासून बंद होती आणि त्या मुलाचं घर तिथून जवळ. मी त्याला विचारलं, तुला माहीत होतं का? तो म्हणाला, ‘हो मॅडम. पण तुम्ही सगळ्यांनी बघितलं होतं ना.’

त्यात टोमणा नव्हता. सहा-सात जणांनी पाहिलेल्या मजकुरात मी काय काढणार, आणि काढून चुकलो तर पुन्हा पडद्यावर नाव येणार, हा सरळ हिशेब त्याने केला होता. अंगठा मी मंजुरी म्हणून मोजत होते. त्याच्या लेखी तो ‘माझी हजेरी लावा’ एवढाच होता. मग मी बाकीच्यांनाही एकेकट्याने विचारलं. टोकावड्याची ताई म्हणाली, ‘मी दुसऱ्यांचे अंगठे आलेले दिसले की देते.’ हिशेब पाहणारे फक्त पैशांची वाक्यं वाचत. ठाण्याचे सर पहिल्या दोन ओळी. सगळा मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचणारं एकही माणूस आमच्यात नव्हतं, आणि प्रत्येकाची खात्री होती की बाकीचे वाचतायत.

यानंतरची चूक सांगायला मला सगळ्यांत जड जातं, कारण तिच्यात नुसता गोंधळ नाही, मनातली घाणही बाहेर आली.

एका ग्रामपंचायतीकडून टँकरचा प्रस्ताव जायचा होता. ग्रामपंचायतीचा ठराव, मग पंचायत समिती, मग गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांची संयुक्त पाहणी, असा त्याचा प्रवास. ठरावाला उशीर होत होता. गावाच्या गटावर टाकायचं आवाहन आम्ही कागदावर लिहीत होतो आणि त्याच कागदाच्या कडेला आमची आपसातली कुजबुज चालू होती. मी लिहिलं होतं, ‘सरपंचांना यात रस नाही, आधी उपसरपंचांना धरा.’ घाईत कुणीतरी ही ओळ कडेवरून मूळ मजकुरात ओढली, उत्तर तिच्याच खाली दिलं, आणि सगळं पान उचलून गावाच्या गटावर टाकताना मी ते पुन्हा वाचलं नाही.

लक्षात आल्यावर मी तो संदेश सर्वांसाठी हटवला. व्हॉट्सॲपवर हटवायला दोन दिवस बारा तासांची मुभा असते. मे २०२३ पासून पंधरा मिनिटांत दुरुस्तही करता येतं. पण ही मुभा आपल्या प्रतीपुरती. पुढे धाडलेल्या प्रतींना आणि फोटो काढून ठेवलेल्या पडद्यांना ती लागू नाही. उलट ‘हा संदेश हटवला आहे’ ही पाटी दिसली आणि ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांनीही वाचणाऱ्यांकडून मागून घेतलं. संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीला माझं मत कळलं होतं.

तेव्हा मी काय करायला हवं होतं हे शाळकरी पोरही सांगेल: उठून सरपंचांच्या घरी जायचं. मी नवा सामाईक कागद उघडला आणि वर लिहिलं, ‘माफीचा मसुदा, कृपया सर्वांनी पाहावा.’

सर्वांनी पाहिला. मी लिहिलेलं ‘माझी चूक झाली’ हे संस्थेला अडचणीत आणेल म्हणून ‘अनवधानाने काही मजकूर प्रसारित झाला’ असं झालं. ‘माफी मागते’चं ‘दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे’ झालं. शेवटी कुणीतरी ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ हे जोडलं आणि मी तेही ठेवलं. मजकूर गटावर गेला. दुसऱ्या दिवशी सरपंचांचा फोन आला. ‘मॅडम, लिहिताना तुम्ही होतात. माफी कोण मागतंय?’ मला उत्तर देता आलं नाही. पहिल्या संदेशाने त्यांचा अपमान झाला होता. दुसऱ्याने सांगितलं की तो अपमान कुणी केलाच नव्हता, आपोआप झाला होता.

मग मी गेले. ओटीवर बसले, चहा आला, बराच वेळ आम्ही पावसावर बोललो. ठरावाला उशीर का झाला ते त्यांनी न विचारता सांगितलं. विहिरीत पाणी किती दिवस पुरेल याचा अंदाज ग्रामसेवकाने अजून दिला नव्हता, आणि अपुरा प्रस्ताव परत येतो हा त्यांचा अनुभव होता. रस नसण्याचा प्रश्नच नव्हता. ही माहिती एका फोनवर मिळाली असती. आम्ही तो फोन केला नाही, कारण मसुद्यावर चर्चा चालू होती आणि चर्चा चालू असली की आपण काम करतोय असं वाटतं.

तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्याकडे अधूनमधून येतात, दाखल्यांच्या कामात मदत करतात. सरकारी फायलीची आम्ही त्यांच्यासमोर टिंगल करायचो. त्यांनी आमचा सामाईक कागद नीट पाहिला, वरखाली केला आणि विचारलं, ‘यात मसुदा कुणाचा आणि सही कुणाची?’

मग त्यांनी फाईल समजावली. लिपिक टिप्पणी लिहितो आणि सोबत पत्राचा मसुदा ठेवतो. वरचा माणूस त्यावर शाईने दुरुस्ती करतो आणि तिथेच छोटी सही आणि तारीख टाकतो. त्याच्या वरचा त्याच्यानंतर पाहतो, त्याच वेळी नाही. शेवटी एका माणसाची पूर्ण सही होते, पत्राला जावक क्रमांक पडतो आणि दुरुस्त्यांसकट स्थळप्रत फाईलला राहते. ‘वेळ लागतो, हे खरं,’ ते म्हणाले, ‘पण कुणी सगळं वाचलं हे विचारावं लागत नाही. ज्याची शेवटची सही, त्याने वाचलेलं असतं. न वाचता केली असेल तर भोगतो.’

फाईल किती महिने अडकते तेही मी पाहिलं आहे, त्यामुळे मी त्या पद्धतीची भक्त झाले नाही. पण एक फरक मला दिसला. त्यांच्याकडे हातांना क्रम होता, आमच्याकडे गर्दी होती. सामाईक कागदाने ‘आधी कोण, मग कोण, शेवटी कोण’ हा प्रश्नच पुसून टाकला होता, आणि तो पुसला गेल्याचा आम्हाला आनंद झाला होता. इतिहास त्यांच्या फाईलला होता तसा आमच्या कागदालाही होता. त्यांचा इतिहास जबाबदारी आधी ठरवायचा. आमचा, चूक झाल्यावर माणूस शोधायला वापरला गेला, आणि तसा तो मी वापरला.

हळूहळू आम्ही रीत बदलली. सामाईक कागद अजून आहे, पण त्यावर आता वाक्यं लिहायची नाहीत, माहिती टाकायची: वार, तारीख, गाव, पाडा, रस्ता चालू आहे का, पैसे लागतील का, कोणते कागद आणायचे. कुणाला शंका असेल तर ती तिथे. ही माहिती सगळ्यांनी मिळून गोळा केली तर फायदाच होतो. खर्डीवाल्याला जे माहीत असतं ते मला नसतं. वाक्यं मात्र एकच माणूस लिहितो, शक्यतो त्या भागातला. दुसरं एक माणूस पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचतं. बाकीच्यांचा अंगठा आम्ही बंद केला.

तिसरं माणूस संस्थेबाहेरचं असतं. संदेश जाण्याआधी एखाद्या अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना तो फोनवर वाचून दाखवायचा आणि विचारायचं, ‘काय कळलं, सांगा.’ पहिल्याच वेळी एका सेविकेने मला थांबवलं. ‘ताई, फोन घरात सासूकडं नसतोय. पोराकडं असतो, तो पडघ्याला गोडाऊनला. तो संध्याकाळी सांगंल तेवढंच कळंल.’ म्हणजे आमचा वाचक मोतीबिंदूची आजी नव्हतीच. भिवंडी-पडघ्याच्या गोदामात नाहीतर मुरबाडच्या एमआयडीसीत पाळी करणारा तिचा नातू होता. त्याला जेवणाच्या सुट्टीत वाचून रात्री घरी सांगता येईल एवढाच मजकूर टिकणार होता. ‘पात्र रुग्णांवर नियमानुसार’ हे त्याने घरी कसं सांगितलं असतं?

वार आणि तारीख दोन्ही लिहायचे, उद्या-परवा कधीच नाही, हा नियम सगळ्यांत सोपा होता आणि सगळ्यांत जास्त वेळा मोडला गेला. जिभेवर ‘उद्या’ असतं, ते बोटांतून उतरतंच.

पावसाळी सूचनांबाबतही आम्ही शिकलो. भातसा धरणातून मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मं जातं. ते भरलं की त्याचे पाच दरवाजे उघडतात आणि नदीकाठच्या गावांना सूचना येते. सूचनेत दरवाजे किती मीटरने उघडले आणि किती क्युसेक विसर्ग आहे ते असतं. आम्ही ती पुढे पाठवताना हुशारी करून एका क्युसेकचे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर होतात, म्हणजे दहा हजार क्युसेकचे पावणेतीन लाखांवर लिटर, असा खुलासा जोडला होता. त्यावर चार जणांनी मिळून काम केलं होतं. गावातून पहिला फोन आला, ‘ताई, सापगावचा पूल चालू हाय का?’ आता अधिकृत सूचना जशीच्या तशी पाठवतो आणि खाली एकच ओळ आमची: कोणता पूल, कोणती फरशी बंद, किती वाजता पाहिलं आणि कुणी पाहिलं.

चुकीच्या संदेशाची दुरुस्ती कशी पाठवायची हेही आधीच ठरवून ठेवलं आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतल्या हवाई बेटांवर सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा गेला होता. तो चुकून गेला होता, पण ‘तो इशारा खोटा’ हे त्याच फोनवर पोचायला ३८ मिनिटं लागली. इशाऱ्याचा मजकूर तयार होता, तो मागे घेण्याचा नव्हता. आमची चूक त्या मापाची नाही, पण जात तीच. म्हणून आमच्या कागदाच्या डोक्यावर आता दुरुस्तीचा साचा कायम असतो: ‘आमचा आधीचा संदेश चुकीचा होता. बरोबर माहिती अशी आहे.’ जिथे जिथे चूक गेली त्या प्रत्येक गटावर तो जातो. जुना संदेश गुपचूप बदलायचा नाही, हटवायचा नाही. खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर.

नाव-नंबराला ठाण्याच्या कार्यालयाचा विरोध होता आणि थोडा अजूनही आहे. संस्थेचा आवाज एक असावा, व्यक्तीचा नसावा, असं त्यांचं म्हणणं. तेही अगदी चूक नाही. ज्याचं नाव खाली असतं त्याला रात्री-बेरात्री फोन येतात, कधी दुसऱ्याच योजनेच्या पैशांसाठी, कधी नुसतं बोलायला. पण त्याच फोनांतून आम्हाला आमच्या चुका तासाभरात कळू लागल्या. आधी त्या कळायला रिकामं शिबिर लागायचं.

या रीतीतही भोकं आहेत. एक माणूस लिहितो तेव्हा त्याची आंधळी बाजू संदेशात उतरते. मी लिहिलेल्या एका संदेशात कातकरी वाडीचं नावच राहिलं, कारण दिवाळीनंतर ती माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात आणि माझ्या यादीत तेवढ्या महिन्यांपुरती ती वाडी रिकामी असते. काही घरं परतली होती, मला माहीत नव्हतं. जुन्या पद्धतीत ती गळती कुणीतरी पकडली असती का? कदाचित. कदाचित अंगठा दिला असता.

डोळखांबचा तो मुलगा आता त्याच्या भागाचे सगळे संदेश लिहितो. ते दुसऱ्यांदा वाचायचं काम माझ्याकडे आहे. त्याची वाक्यं माझ्या कानाला कधी फार ओबडधोबड लागतात, पण माहिती चुकीची नसेल तर मी हात लावत नाही. फरशीच्या प्रकरणानंतर मी त्याची माफी मागितली. आसनगावच्या फलाटावर, गाडीची वाट पाहताना, आम्ही दोघंच असताना. तो लाजला आणि ‘जाऊ द्या मॅडम’ म्हणाला. नाव मात्र मी भरल्या बैठकीत, पडद्यावर लावून घेतलं होतं. ज्यांनी ते पान पाहिलं त्यांच्यासमोर, पान शेवटपर्यंत सरकवून साडेअकराची ती नोंद माझी आहे हे मी अजून दाखवलेलं नाही. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय मी घातला आहे, आणि ते टिपण या वेळी कुणाला आधी पाहायला पाठवलेलं नाही.